अवकाश स्थानक दाखवणारे ॲप: वेळ सेकंदापर्यंत, पण माहिती कोणत्या तारखेची?

वेळणेश्वरला आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना दिवेलागणीनंतर पुळणीवर नेऊन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दाखवण्याचा शिरस्ता आम्ही दोन वर्षे पाळत आहोत, आणि त्यासाठी मोबाइलवरचे एक मोफत ॲप वापरतो. त्याचे नाव देत नाही, कारण तक्रार त्या एकाच ॲपपुरती असेल असे मला वाटत नाही.

कक्षेची ताजी माहिती उतरवून घेतलेली असेल, तर सांगितलेल्या सेकंदाला तेजस्वी ठिपका उगवतो; त्याबद्दल पूर्ण गुण. होकायंत्राचा बाण भरकटतो, पण समोर अरबी समुद्र असताना पश्चिम शोधायला बाण कशाला हवा!

अडचण निराळीच आहे. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे आठवडाभर नेट नव्हते, तरी ॲपने जुन्या कक्षेवरून काढलेली वेळ तितक्याच ठामपणे दाखवली. स्थानक जवळजवळ अर्धा मिनिट आधी आले. मी चटई पसरत असताना पाहुण्यांच्या मुलीनेच ते आम्हाला दाखवले.

उशिरा नव्हे, आधी आले, ही यातली गंमत. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर एका घन किलोमीटरात हवा काही ग्रॅमच असते, पण सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या स्थानकाला तीही अडवते. अडवल्याने ते मंदावेल असे वाटते. प्रत्यक्षात ते किंचित खाली उतरते, आणि खालची कक्षा लहान व तिथला वेग जास्त असल्यामुळे फेरी लवकर पुरी होते. ही हवा सूर्याच्या अतिनील किरणांनी आणि भूचुंबकीय वादळांनी तापून फुगते, त्यामुळे तिची घनता आठवडाभर आधी नेमकी सांगता येत नाही. 2000 साली सोडलेल्या जर्मनीच्या चॅम्प उपग्रहावर आणि 2002 च्या ग्रेस जोडगोळीवर अतिसंवेदनशील त्वरणमापक होते. हवेने होणारा सूक्ष्म अवरोध मोजून त्यावरून घनता काढण्यात आली. रोजच्या अंदाजासाठी कॅनडात पेंटिक्टनजवळ मोजल्या जाणाऱ्या 10.7 सेंटिमीटर तरंगलांबीच्या सौर रेडिओलहरींचा आधार घेतात. हवा अशी फुगल्यावर काय होते, ते फेब्रुवारी 2022 मध्ये दिसले: साधारण 210 किलोमीटर उंचीवर सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास उपग्रह वर चढूच शकले नाहीत आणि खाली येऊन जळाले.

तेव्हा जे शास्त्रज्ञांनाही नेमके सांगता येत नाही, ते ॲपने सांगावे अशी माझी अपेक्षा नाही. कक्षेची माहिती कोणत्या तारखेची, हे वेळेशेजारी ठळक लिहावे आणि ती फार जुनी झाली की सेकंद दाखवणे बंद करावे, एवढेच. सध्या ती तारीख तिसऱ्या पडद्यावर बारीक अक्षरांत दडलेली आहे. म्हणून पाचपैकी साडेतीन गुण. आम्ही आता बाजारासाठी गुहागरला गेलो की रेंजमध्ये ताजी माहिती उतरवून घेतो, आणि तरीही चटई पाच मिनिटे आधीच पसरतो.