छप्पन अंड्यांचं इनक्युबेटर: आठ महिने, सहा बॅच

दसऱ्याच्या आठवड्यात छप्पन अंड्यांचं ऑटोमॅटिक इनक्युबेटर घेतलं, आता जून चालू आहे. सहा बॅच काढून झाल्या. आम्ही माण तालुक्यात राहतो, घरी गावरान कोंबड्या आहेत आणि सगळी अंडी घरचीच वापरली. मशीन घ्यायचं कारण साधं होतं. कोंबडी आपल्या सवडीने खुडूक होत नाही, आणि एकदा अंड्यांवर बसली की एकवीस दिवस आणि पुढे पिल्लं हिंडवण्यात दोन महिने, एवढा काळ तिचं अंडं बंद.

पहिल्या बॅचला ४८ अंडी घातली आणि १७ पिल्लं निघाली. तीही एकविसाव्या दिवशी नाही. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी पहिल्या अंड्याला टोचा, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने पाडलेलं भोक, दिसला आणि शेवटचं पिल्लू चोविसाव्या दिवशी बाहेर आलं. उरलेली अंडी मी अंगणात एकेक करून फोडून बघितली. नऊ वांझ होती. काही सुरुवातीलाच मेलेली. पण चौदा अंड्यांत पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू ओलंचिंब होऊन मेलेलं होतं. ते बघून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. एवढी वाढून आत गुदमरली, आणि मला बाहेरून काही कळलं नाही.

चुका दोन होत्या. मशीनचा आकडा ३७.७ दाखवत होता, पण ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर आत ठेवलं तर ते ३७ च्या आसपास. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश लागतात. अर्धा अंश कमी पडला की पिल्लं उशिरा निघतात आणि अशक्त निघतात. सुदैवाने सेटिंगमध्ये हा फरक दुरुस्त करता येतो, पण ते माहितीपुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. दुसरी चूक पाण्याची. पुस्तकात सांगितलंय म्हणून मी पहिल्या दिवसापासून मशीनमधल्या पाण्याच्या दोन्ही खाचा भरून ठेवल्या होत्या. परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला, हवा आधीच दमट. अंड्यातलं पाणी उडालंच नाही, वरची हवेची पोकळी लहान राहिली आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या बॅचपासून मी मशीनच्या आकड्याआधी अंडं बघायला लागलो. मशीनसोबत अंडं तपासायचा दिवा येतो, तो फिकट आहे. पांढरट अंड्यात चालतो, तांबूस कवचाच्या अंड्यात काही दिसत नाही. मी साधी एलईडी बॅटरी घेतली आणि तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. प्रकाश बाजूने फाकत नाही आणि अंड्यालाही धक्का लागत नाही. खोलीत पूर्ण अंधार करायचा, हात धुवायचे, अंड्याचं रुंद टोक बॅटरीवर टेकवायचं.

सातव्या दिवशी जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधोमध काळा ठिपका. थोडं थांबलं तर तो ठिपका हलतो. माझ्या धाकट्या मुलीने तो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती किती तरी वेळ अंडं खाली ठेवेना. वांझ अंडं नुसतं पिवळसर उजळतं. जीव धरून मेलेल्या अंड्यात शिरा विरतात आणि तांबडं कडं उरतं. वांझ आणि कडं असलेली अंडी त्याच दिवशी काढून टाकायची. सडलेलं अंडं आत फुटलं तर बाकीच्यांनाही ते नासवतं. शंका असेल त्यावर पेन्सिलने खूण करून दहाव्या दिवशी पुन्हा बघायचं. चौदाव्या दिवशी खालचा बराच भाग काळा दिसतो, अठराव्या दिवशी पोकळी सोडून सगळंच काळं.

ती पोकळी मी दर वेळी पेन्सिलने कवचावर आखतो. शिवाय दहा अंडी वजनकाट्यावर मोजतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२-१३ टक्के उतरायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास. कमी उतरलं तर पाणी कमी करायचं, जास्त उतरलं तर वाढवायचं. आर्द्रतेचा काटाही मी ओलसर मिठासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवून तपासला. तिथे तो ७५ दाखवायला हवा, माझा ६८ दाखवत होता. एवढ्या दुरुस्त्यांनंतर दुसऱ्या बॅचला ५० पैकी ३६ पिल्लं निघाली.

चौथ्या बॅचला अंडी फिरवणारी मोटर अडकली. कंपनीकडून गिअर यायला नऊ दिवस लागले, फोन उचलायलाच तीन. अंडी एकाच कुशीवर राहिली तर गर्भ कवचाला चिकटतो, म्हणून एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून पाच वेळा हाताने फिरवली. विषम वेळाच फिरवायची, म्हणजे रात्रीची लांब कूस रोज बदलते. त्याच बॅचमध्ये बाराव्या दिवशी पाच तास लाइट गेली. वाऱ्याची भोकं मोकळी ठेवून मशीनवर गोधडी टाकली. तीन दिवसांनी दिव्यावर बघितलं तर चारच गेली होती. थंडी अंडी बऱ्यापैकी सोसतात, जास्त उष्णता सोसत नाहीत. तरी त्यानंतर इन्व्हर्टर घेतला, आणि तो खर्च मशीनच्या किमतीत धरूनच विचार करा.

पाचव्या बॅचची एक चूक अजून टोचते. अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून, आर्द्रता सत्तरीपर्यंत नेऊन झाकण मिटायचं असतं. एक पिल्लू टोचा मारून बारा तास अडकलेलं दिसलं म्हणून मी झाकण उघडून कवच सोलायला गेलो. आतल्या शिरा अजून वाहत्या होत्या, रक्त आलं, ते मेलं. तेवढ्या वेळात ओल उडून शेजारच्या दोन अंड्यांचा पापुद्रा पिल्लांच्या अंगाला आवळला. टोच्यापासून बाहेर यायला चोवीस तास लागू शकतात. निघालेल्या पिल्लालाही घाई नसते, पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस काढतं.

एप्रिल-मेमध्ये मात्र हे मशीन चालवू नका. पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस अंश झाले, आणि हे मशीन फक्त तापवतं, गार करत नाही. सहावी बॅच तिथेच गेली, ४५ मध्ये ११.

आई अजूनही म्हणते, "डझनभर अंडी असतील तर खुडकीखालीच घाल बाबा." ते खरं आहे. मार्चमध्ये तिने बसवलेल्या कोंबडीने बारातली अकरा काढली. आता आम्ही दोन्ही जोडून करतो. मशीनमधली पिल्लं रात्री अंधारात खुडकीच्या पंखाखाली सरकवली की सकाळी ती त्यांना आपलं मानते, आणि बल्बखाली वाढवायचा त्रास वाचतो.

पाऊस सुरू झाल्यावर मशीन माजघरात हलवलंय. सातव्या बॅचची ४० अंडी आत आहेत, काल सातवा दिवस होता. ३५ मध्ये शिरा दिसल्या, एकावर खूण करून ठेवली आहे.