डोळ्यांखालचा निळा डाग आणि अर्धी सिरिंज

म्हापशाच्या बाजारात नेहमीची मासेवाली माझ्याकडे बघून थबकली. "कितें जालें गो?" म्हणाली आणि मग आवाज खाली आणून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. माझ्या डाव्या डोळ्याखालचा निळा पट्टा बघून तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. "झोप झाली नाही," म्हणत मी सुरमईकडे वळले. त्या पट्ट्यासाठी मी अकरा हजार रुपये मोजले होते.

डिसेंबरात भाच्याचं लग्न होतं. डोळ्यांखाली खड्डे माझ्या आईलाही होते, पण आमच्या घरात हल्ली फोटो फार काढतात. मोबाईलवर पर्वरीच्या एका क्लिनिकची जाहिरात आली: दोघींनी मिळून या, निम्म्या पैशांत फिलर, म्हणजे खड्डे भरणाऱ्या जेलचं इंजेक्शन. मी एकटीच आहे म्हटल्यावर फोनवरची मुलगी म्हणाली, "काही हरकत नाही मॅडम, आम्ही जोडी लावून देतो." मला वाटलं, बिलापुरती जोडी.

पाटीवर एका बाईंच्या नावाआधी 'डॉ.' होतं, नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. आत त्या बाईंनी छोटा फ्रीज उघडला आणि दारातल्या पाण्याच्या बाटलीशेजारून टोपण लावलेली सिरिंज काढली. खोकं नाही, लेबल नाही, दांडा निम्म्यावर आलेला. हे मी अगदी हातभर अंतरावरून पाहिलं आणि गप्प बसले. वर्गात रोज 'शंका असेल तर विचारा' म्हणणारी बाई मी! पैसे जीपेने गेले, तेही कुणाच्या तरी खाजगी नावावर.

लग्नात मेकअपखाली सगळं झाकलं गेलं. जानेवारीत मात्र सकाळी उठलं की डोळ्यांखाली फुगलेलं असे आणि दुपारी सूज उतरली की डावीकडे निळसर पट्टा दिसे. क्लिनिकने सांगितलं, मुरतंय, हलका मसाज करा, पाणी भरपूर प्या. फेब्रुवारीत सूर बदलला. हे फिलरचं नाहीच, तुमचं पिगमेंटेशन आहे, म्हणजे कातडीतलाच रंग, तीन सिटिंग पील (औषध लावून वरची कातडी काढणं) घ्या, साडेचार हजार. मी तेही दिले. दुसऱ्या वेळी कातडी भाजल्यासारखी झाली, खपली धरली आणि ती पडल्यावर खाली तपकिरी डाग उरले. आता निळ्यावर तपकिरी!

शेवटी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा ओपीडीत गेले. डॉक्टरांनी टॉर्च आडवा धरून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आत काय घातलंय?" फिलर, म्हटलं. "कुठलं? खोक्यावरचं स्टिकर दिलं नाही?" तेव्हा कळलं की चांगल्या कंपनीच्या सिरिंजसोबत लॉट नंबरचं स्टिकर येतं, ते पेशंटच्या कागदावर चिकटवायचं असतं आणि एक सिरिंज एकाच माणसासाठी असते. अर्धी आधी कुणाच्या चेहऱ्यात टोचली होती, देव जाणे. (रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, सुदैवाने काही निघालं नाही.)

निळ्याचं कारण ऐकून मला हसू आलं आणि रडूही. डोळ्याखालची कातडी फार पातळ असते. जेल खोल न जाता वरवर राहिलं की त्यातून निळा प्रकाश जास्त विखुरतो. टिंडल परिणाम. नववीच्या वर्गात पाण्यात दोन थेंब दूध घालून टॉर्च मारून मी तो दरवर्षी दाखवते. म्हणजे कातडीत रंग नव्हताच. पील जाळत होतं ते माझी धडधाकट कातडी.

जेल हायलुरोनिक अॅसिडचं असेल तरच हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने विरघळतं, दुसरं काही असेल तर नाही. स्टिकर नसल्यामुळे आधी सोनोग्राफी झाली. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून कधी अंगावर उठलंय का, असंही विचारलं, कारण अशांना या इंजेक्शनची अॅलर्जी होऊ शकते. हातावर चाचणी करून मग दोन वेळा दिलं. दुसऱ्यानंतर चार दिवसांत निळं गेलं. तपकिरी डाग अजून आहेत. सनस्क्रीन आणि मलम चालू आहे, महिने लागतील म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, त्याने माझे हातपाय गार पडले. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टीसुद्धा जाऊ शकते. टोचल्यावर कातडी पांढरी पडली, असह्य दुखलं किंवा धूसर दिसलं तर त्याच मिनिटाला इस्पितळ गाठायचं. म्हणून फिलर देणाऱ्याच्या कपाटात हायलुरोनिडेज हवंच. त्या क्लिनिकच्या फ्रीजमध्ये मी पाण्याची बाटली पाहिली होती.

क्लिनिकला रजिस्टर पत्राने माझे कागद मागितले. नोंदणीकृत डॉक्टरने ते 72 तासांत द्यायचे असतात. पोचपावती आली, कागद नाहीत. गोवा मेडिकल कौन्सिलकडे त्या बाईंची नोंदणी आहे का ते विचारलंय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून जीपेच्या पावत्या आणि भाच्याच्या लग्नाआधीचे-नंतरचे फोटो आहेत, बस.

काल त्याच नंबरवरून मेसेज आला. चवथ (गणेश चतुर्थी) ऑफर, डोळ्यांखालचं फिलर, मैत्रिणीला घेऊन या.