एजे-२६: वायरिंग नवं, पंप जुनाच

कागदावर एजे-२६ या रॉकेट इंजिनाचा मोह पडतोच. वजन सव्वा टनाच्या आसपास, जमिनीजवळचा थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, सुमारे १५४ टन. मूळचं हे सोव्हिएत एनके-३३, एन-१ या चांद्ररॉकेटच्या सुधारित आवृत्तीसाठी बनलेलं. एन-१ गुंडाळलं गेलं, इंजिनं गोदामात पडून राहिली. १९९०च्या दशकात एरोजेट या अमेरिकन कंपनीने त्यातली काही डझन उचलली, सुधारून एजे-२६ नाव दिलं आणि पुढे अँटारेस या अमेरिकन रॉकेटच्या पहिल्या टप्प्याखाली दोन-दोन बसू लागली.

बाहेरची कामं चोख झाली. एन-१वर इंजिनं जागच्या जागी पक्की असत. रॉकेट वळवायला समोरासमोरच्या इंजिनांचा थ्रस्ट कमी-जास्त करत. दोन इंजिनांत ते भागत नाही, म्हणून गिंबल, म्हणजे इंजिन थोडं तिरकं वळवणारा सांधा, जोडलं. जुनं वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स काढून नवं घातलं. वर १०८ टक्के थ्रस्टवर चालवायचं ठरलं; हा हावरेपणा, दुसरं काय!

जून २०११मध्ये नासाच्या स्टेनिस केंद्रातल्या टेस्ट स्टँडवर केरोसीन गळून आग लागली. ताण आणि गंज मिळून धातूला भेग गेली होती. चाळीस वर्षं पडलेल्या मालात हे धरूनच चालावं.

खरी गोम ऑक्सिजनच्या टर्बोपंपात, म्हणजे टर्बाइनवर चालणाऱ्या पंपात. या इंजिनात जवळपास सगळा ऑक्सिजन प्रीबर्नरमधून, म्हणजे मुख्य कक्षाआधीच्या छोट्या ज्वलनकक्षातून, जातो आणि तोच तापलेला, ऑक्सिजनने गच्च भरलेला वायू टर्बाइन फिरवतो. पंपात शाफ्टवर लांबीच्या दिशेने येणारा दाब तोलणाऱ्या भागात फटी अगदी बारीक. रोटर, म्हणजे फिरणारा भाग, जरा सरकून स्थिर भागाला घासला, की घर्षणाने धातूच पेट घेतो आणि आवरायला वेळ उरत नाही. चार उड्डाणं नीट झाली. पाचव्यात, २८ ऑक्टोबर २०१४ रोजी, सुमारे १५ सेकंदांत पंप फुटला. नासाच्या चौकशी गटाने तीन शक्यता मांडल्या: रचनाच नाजूक, आत शिरलेले टायटॅनियम-सिलिकाचे कण, किंवा टर्बाइनकडच्या बेअरिंग बोअरचं (बेअरिंग बसतं त्या भोकाचं) चुकलेलं मशीनिंग. एकीवर बोट ठेवता आलं नाही.

गिंबलला पैकीच्या पैकी, पंपाला नापास. स्टँडवर पास झालेलं इंजिन आतल्या बोअरचं माप सांगत नाही. त्यासाठी पंप खोलावाच लागतो.

ऑक्टोबर २०१६मध्ये अँटारेस परत उडालं ते आरडी-१८१ हे रशियन इंजिन घेऊन. तेही ऑक्सिजनयुक्त वायूवरच चालतं, पण माल ताजा.