माकडताप आणि लाइम: काजूबागेत कशाची काळजी जास्त?

दोन्ही आजार गोचिडीच्या चाव्यातून होतात, पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागेत राबणाऱ्याने आधी माकडताप ओळखायला शिकावं. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू 2016 मध्ये दोडामार्गातही आढळला. नेमका काजूच्या हंगामातच तो जोर धरतो: अचानक कडक ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, कधी रक्तस्रावही. त्यावर नेमकं औषध नाही, म्हणून अंगावर काढू नका. रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

अमेरिका-युरोपात जास्त आढळणारा लाइम जिवाणूचा. प्रतिजैविकांनी तो बहुधा बरा होतो. चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा ही त्याची खूण, माकडतापाची नव्हे. चट्टा नाही म्हणून घरी थांबू नका.