जुनी ऑडी टीटी, जालना: गाडी झकास, शेपटीनं जीव खाल्ला

इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे तुम्हाला पाठ असणार. त्यात शिरत नाही. माझी दुसऱ्या पिढीची कूपे, दोन लिटर टीएफएसआय (टर्बोचं पेट्रोल इंजिन), क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), माझ्याआधी दोन हात फिरलेली. जालन्यात वर्षभराच्या आसपास वापरतोय. लिहायचं होतं टायर आणि सस्पेन्शनवर, पण मीटरमध्ये स्पॉयलरचा, म्हणजे डिकीवरच्या उठणाऱ्या पट्टीचा, पिवळा दिवा लागला आणि तेव्हापासून माझा या गाडीशी सगळा संसार त्या एका दिव्याभोवती चाललाय.

डिकीच्या झाकणावरचा स्पॉयलर ताशी १२० ला आपोआप उठतो आणि वेग ८० च्या खाली आला की बसतो. माझा अर्धाच उठला. डावी बाजू वर, उजवी जागच्या जागी. तसाच घरी आलो. शेजारचे काका गेटवर उभे. "कामून रे, मागून ठोकली का कोणी?"

पुण्याला कामानिमित्त जाणं होतंच, म्हणून तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. एसी वेटिंग रूम, कॉफी, टॅबवर सही. निदान एका वाक्यात: अख्खा सेट बदलावा लागेल, पार्ट जर्मनीहून मागवू. मी विचारलं, मोटर गेलीय की दुवा (मोटर फिरली की स्पॉयलर उचलणारा दांडा) अडकलाय? "साहेब, आम्ही आत उघडत नाही, सेटच बदलतो." जो आकडा सांगितला त्यात माझ्या दुकानात चांगले दोन-तीन सबमर्सिबल पंप आले असते. तपासणीचे पैसे वेगळे घेतले. आणि गाडी परत दिली ती डिकीच्या आतल्या पॅनलच्या क्लिपा मोडून. त्यावर उत्तर, "जुनी गाडी आहे, मोडणारच." अहो, आत बघायचंच नव्हतं तर पॅनल काढलं कशाला?

माझा धंदा पंप-मोटारी रिवाइंड करायचा. जळलेली मोटर लोक पोत्यात घालून आणतात आणि संध्याकाळी चालू करून घेऊन जातात. अशा माणसाला बारा व्होल्टची बोटभर मोटर न उघडता फेकायला सांगायची म्हणजे काय! तिथेच ठरवलं, आता या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

आणखी एक गंमत. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या बऱ्याच गाड्या जोडल्या गेल्या, आणि तो कारखाना माझ्या घरापासून तासाभरावर. पण टीटी तिथली नाही. ती हंगेरीत ग्यॉरला तयार होऊन जहाजानं आलेली. म्हणजे रोज गेटवरून जायचं आणि पार्टसाठी युरोपाकडे बघायचं.

आधी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेतला. पैसे पाण्यात. तो फक्त इंजिनचे कोड वाचतो, स्पॉयलरचा कंट्रोलर त्याच्या गावीही नाही. त्यासाठी व्हीसीडीएससारखं या गाड्यांसाठीचंच सॉफ्टवेअर लागतं. संभाजीनगरच्या एका मित्राकडे ते होतं, त्यानं चहावर काम केलं. कोड निघाला तो मोटर जास्त करंट खाते अशा अर्थाचा. हे मला पंपावरूनही सांगता आलं असतं. मोटर करंट खाते म्हणजे दर वेळी मोटर वाईट नसते, पुढं काहीतरी जाम असतं. दुकानातला टाँग टेस्टर (तार चिमट्यात धरून करंट मोजणारा) इथे उपयोगाचा नाही, तो एसीचा. मल्टिमीटर दहा ॲम्पिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावला. दुवे सोडवून मोटर मोकळी फिरवली तर सुईच्या टोकाएवढा करंट, दुवे जोडले की कितीतरी पट. मोटर ठणठणीत.

उजव्या दुव्यातलं ग्रीस वाळून त्यात धूळ बसली होती. आमची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि ग्रीस दिसलं की तिथेच मुक्काम करते. पिनेभोवतीचं प्लास्टिकचं बुश खाऊन अंडाकृती झालेलं. रॉकेलनं धुतलं, पिन पॉलिश पेपरनं घासली आणि बुश घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्या दादांकडे गेलो. आयुष्यभर गिरण्यांचे रोलर करणारा हा माणूस. बुश चिमटीत धरून म्हणाले, "एवढ्याशा वस्तूसाठी पुण्याला गेला होतात व्हय?" नायलॉनच्या रॉडमधून दहा मिनिटांत बुश कातून दिलं. पैसे मी बळंच दिले. पांढरं लिथियम ग्रीस लावून जोडलं, बटण दाबलं, दोन्ही बाजू एकसाथ वर. दिवा बंद.

हे सगळं चालू असताना मेव्हणा म्हणाला होता, कशाला एवढी झकमारी, खाली बसवून सिलिकॉननं चिकटवून टाक ना. खरं सांगतो, मलाही मोह झाला होता. पण पहिल्या पिढीची टीटी १९९८ मध्ये आली तेव्हा तिला मागं स्पॉयलर नव्हता. जर्मनीत वेगात असताना मागचा भाग हलका होऊन अपघात झाले, म्हणून नंतर स्पॉयलर बसवला आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) दिलं. म्हणजे ही वस्तू शोभेची नाही. माझ्या वेगाला ती लागते का, हा वेगळा प्रश्न. पण ज्या कारणासाठी दिली ते कळल्यावर सिलिकॉन हातातून खाली ठेवलं.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी "नायलॉन जिंदाबाद" असंही लिहिलं होतं. ते आता खोडलंय.

जुलैत चांगली झड लागली आणि दिवा परत आला. पॅनल काढलं तर ग्रीस ताजं, पिन स्वच्छ, बुश मात्र पिनेवर गच्च. नायलॉन ओलावा पितं आणि फुगतं. मोठ्या रोलरला त्याचं काही वाटत नाही, पण एवढ्याशा बुशात केसाएवढी फट असते, ती भरून गेली. लेथवाले दादा म्हणाले, मग डेलरीन घ्या. ते ॲसिटल नावाचं प्लास्टिक, पाणी फार कमी पितं. रॉड संभाजीनगरहून आणावा लागला. तेव्हापासून पाऊस, ऊन, धुळीची वावटळ सगळं झालं, स्पॉयलर मुकाट उठतो-बसतो. पुण्याच्या आकड्यातून रॉकेल, ग्रीस, दोन बुश, रॉड आणि चहा वजा केले तर जे उरलं त्यात चारही टायर झाले. मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त आनंद आहे, गाडीच्या पिकअपपेक्षाही.

आता खरी मेख. स्पॉयलर उठतो १२० ला. समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा १२०. आमच्या बाकीच्या रस्त्यांवर १२० ची भाषा करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. म्हणजे नियम पाळणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाचा स्पॉयलर आपणहून कधी उठायलाच नको! एवढा जीव काढून दुरुस्त केला, आणि तो वर आला की मागच्या गाडीतल्या सगळ्यांना कळतं की साहेबांनी मर्यादा गाठली. जालन्याहून शिर्डीला जाताना मेव्हणा मागून येत होता. पोचल्यावर तो माझ्या बायकोसमोर म्हणाला, "दाजी, शेपूट दोनदा उठलं तुमचं, बरं का." चुगलीच ती. आता मी बटणानं वापरतो. बटणानं तो कमी वेगातही उठतो. पुतण्या बसला की दर सिग्नलला "काका, काढा ना" चालू होतं.

बाकी गोष्टी थोडक्यात.

टायर. अठरा इंची रिमवर २४५/४० टायर होते. अंबड रस्त्यावरचे गावकऱ्यांनी हौसेनं घातलेले गतिरोधक आणि खड्डे यात रिम वाकायची भीती. मी सतरा इंची रिम घेऊन २४५/४५ टाकले. टायरची बाजू ९८ मिमीवरून ११० झाली, आणि बाहेरचा व्यास मात्र ६५३ चा ६५२, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही. दिसायला थोडी साधी दिसते, पण कंबर वाचली. पोट घासतंच, ते टायरनं वाचत नाही. गतिरोधक तिरका घ्यायचा. लोक विचारतात, खाली का नाही केली, एक्झॉस्ट का नाही बदलला? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा, आणि खाली केलेली टीटी घेऊन अंबडला जाऊन दाखवा.

डीएसजीचं तेल. डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माझा सहा गिअरचा, ओल्या (तेलात चालणाऱ्या) क्लचचा, दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर. आधीच्या मालकाकडे बिल नव्हतं, म्हणून गाडी घेतल्या घेतल्या मी हेच केलं. अवघड काही नाही, पण एक अट आहे. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांत असताना बघायची असते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीतलं तेलच त्या घरात पोचलेलं असतं. इंजिन चालू केलं की गेलंच पुढं. म्हणून पहाटे पाचला घोड्या लावल्या आणि उजाडेपर्यंत काम संपवलं. चारही चाकं उचलून गाडी लेव्हलला धरा, नाहीतर पातळी चुकीची येते.

डेंट. समोरच्या फेंडरला बारीक चेपा होता. डेंटरनं नेहमीच्या सवयीनं चुंबक लावलं, ते खाली पडलं. तो माझ्याकडे बघायला लागला. पुढचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, दारं आणि डिकीचं झाकण पोलादी पत्र्याचं. वजन मागं राहावं म्हणून असं केलंय. नेहमीचं स्पॉट वेल्डिंग करून ओढणं ॲल्युमिनियमला चालत नाही. चेपा तसाच ठेवला. पार्किंगमध्ये ओळखायला बरा.

पेट्रोल. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज थोडं कमी झालंय, ते होणारच, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या मुलखात ऊस लावायचा, त्याचं इथेनॉल करायचं, आणि ते माझ्या टाकीत येऊन गाडी कमी पळवायची. असो. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप मात्र वाकवून, चिरा बघून घ्या. मी दोन बदलले.

कार्बनचं काम बाकी आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह त्यानं धुतले जात नाहीत, त्यावर काजळी साचते. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबानं मारून ती काढतात. मुंबईहून चुरा मागवला तर भाव ऐकून अक्रोडच खावेसे वाटले. कॉम्प्रेसर दुकानात आहे, चुरा स्वस्तात मिळाला की करीन.

कोणी जुनी टीटी बघायला जाणार असाल तर स्पॉयलरचं बटण चार-पाच वेळा दाबा आणि मागं उभं राहून दोन्ही बाजू एकाच वेळी उठतात का बघा. तिरका उठला तर घाबरू नका, चेहरा मात्र घाबरल्यासारखा ठेवा आणि अख्ख्या सेटची किंमत सांगून भाव पाडा. डीएसजी आणि हॅल्डेक्सच्या (क्वाट्रोत मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच) तेलाची बिलं मागा. नसतील तर तेही कापून घ्या. आणि डिकीच्या आतलं पॅनल हातानं दाबून बघा. सैल वाजलं तर समजा आधीचा मालकही अशाच कुठल्यातरी एसी वेटिंग रूममध्ये कॉफी पिऊन आलाय.