टँडमची फ्रेम: स्टील की अ‍ॅल्युमिनियम?

टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल: एका फ्रेमवर दोघांचं वजन आणि चार पायांचा जोर. उभं राहून पेडल मारलं की लांबलचक फ्रेम पिळते, टँडमचं खरं दुखणं हे. त्यामुळे वजनाआधी ताठपणा बघायचा.

अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणाही तेवढाच कमी: ७० विरुद्ध २०० गिगापास्कल. म्हणून त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या घेतात. व्यास वाढला की पीळ झपाट्याने कमी होतो, आणि फ्रेम हलकी राहूनही ताठ होते. दोन्ही क्रँकांना (पेडलच्या दांड्यांना) जोडणारी खालची नळी बघा, फरक तिथे लगेच डोळ्यात भरतो.

स्टील जड, शिवाय गंजतं. पावसाळ्याआधी नळ्यांना आतून गंजरोधक मारावंच. पण तडा गेलाच तर चांगला वेल्डर बहुतेकदा सांधून देतो. ६०६१ अ‍ॅल्युमिनियम (फ्रेमसाठी वापरतात तो एक मिश्रधातू) वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी मऊ पडतं, पूर्ण ताकदीसाठी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते. आडगावात ते कोण करणार?

सामान लादून लांब जायचं तर माझं मत स्टीलला. जोडीने चढ दामटायची हौस असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. आरामाचं म्हणाल, तर तो धातूपेक्षा टायरच जास्त ठरवतं. ३२ मिमी रुंदीच्या खाली जाऊ नका.