रिंग स्कॅनर: स्कॅनर झकास, पट्ट्याने वैताग आणला (काही महिने वापरल्यानंतर)

परवा आमच्या गोदामात ऐन डिस्पॅचच्या वेळेला अजून एका रिंग स्कॅनरचं (बोटात अंगठीसारखा पट्ट्याने बांधायचा बारकोड स्कॅनर) ट्रिगर बटण गेलं, म्हणून आज लिहायलाच बसलो. स्पेक सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडतो.

आधी चांगलं. पिस्तुलासारखा हातात धरायचा गन स्कॅनर असताना ऑर्डरमधल्या प्रत्येक आयटमला उचला, स्कॅन मारा, परत अडकवा, मग माल काढा. आता दोन्ही हात मोकळे, आणि लोकेशन नि आयटम दोन्ही स्कॅन झाल्याशिवाय ॲप पुढे जातच नाही, त्यामुळे चुकीचा माल रॅकपाशीच पकडला जातो. याला पूर्ण मार्क.

स्पीडबद्दल मात्र माझं मत बदललंय. सुरुवातीला वाटलं सगळा फरक स्कॅनरचाच. नंतर जास्त हलणारा माल पॅकिंगजवळच्या रॅकवर, कंबर ते खांदा या उंचीला आणला आणि एकेक ऑर्डर न घेता बॅच पिकिंग, म्हणजे अनेक ऑर्डरींचा माल एकाच फेरीत काढणं, सुरू केलं, खरी उडी तिथे दिसली. पिकरचा, म्हणजे रॅकवरून माल काढणाऱ्याचा, साधारण निम्मा वेळ चालण्यातच जातो, तो कुठलाही स्कॅनर वाचवत नाही.

स्कॅनरचं ब्लूटूथ एचआयडी मोडवर ठेवू नका. त्यात तो कीबोर्डसारखा वागतो, कर्सर क्वांटिटीच्या रकान्यात असेल तर आख्खा बारकोड तिथे जाऊन बसतो. ॲपला चालत असेल तर एसपीपी (डेटा थेट ॲपला देणारा सिरीयल मोड) लावा.

आता पट्टा. घाम आणि धुळीने वेल्क्रो पकड सोडतं, स्कॅनर बोटावर फिरायला लागतो, अंगठा बटणावर तिरका पडतो, मग पोरं जोर लावून दाबतात आणि बटण मरतं. म्हणजे बटणाला मारतोय तो पट्टाच! सर्व्हिसवाले म्हणतात पट्टा कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही, आणि बटणाला फिजिकल डॅमेज लावून आख्खं युनिट बदलायला सांगतात. अरे, रीडिंग चोख आहे, बॅटरी शिफ्टभर टिकते, एवढ्याशा बटणासाठी चालू वस्तू भंगारात घालायची?

आम्ही आता प्रत्येक पिकरला स्वतःचा पट्टा दिलाय, शिफ्ट बदलली की फक्त स्कॅनर हातबदल होतो. दुसऱ्याच्या घामाचा पट्टा कोण आवडीने घालेल? तेव्हापासून पट्टे जास्त टिकतायत, पोरंही जपून वापरतात.

घेणार असाल तर पट्टा आणि ट्रिगर सुटे मिळणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, तोंडी ‘मिळेल हो’ वर जाऊ नका. आमची तक्रार अजून ओपनच आहे, आणि ती मिटेपर्यंत पुढच्या लॉटची ऑर्डर मी अडवून धरलीय.